वाचकांचे प्रश्न : संख्यांच्या रांगेमागचा नियम

या महिन्यात सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरत आहेत : काही संख्या ओळीने दिल्या असतील, तर त्यांच्यामागचा नियम कसा शोधावा? दहावीच्या अंकगणिती श्रेढीच्या प्रकरणामुळे हा प्रश्न घरोघरी पोहोचतो हे खरे, परंतु या वेळी पत्रलेखकांत टॉवेलच्या कारखान्यातील एक हिशेबनीस आणि यात्रेच्या रांगोळीची तयारी करणाऱ्या एक भगिनीही आहेत. त्यामुळे संपादकांकडून नेहमीपेक्षा थोडी अधिक जागा मागून घेतली आहे. पदाच्या क्रमांकासाठी मी ‘न’ हे अक्षर वापरतो. पाठ्यपुस्तकात त्या जागी इंग्रजी अक्षर असते, एवढाच फरक.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. ७, १२, १७, २२, … या क्रमिकेचे न-वे पद तिने ‘न + ५’ असे लिहिले आणि शिक्षकांनी ते चूक ठरवले. दर वेळी ५ वाढतात हे तर उघड दिसते, आणि खरे सांगायचे तर मलाही तिचेच उत्तर बरोबर वाटते. चूक नेमकी कोठे आहे? — एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : प्रथम तिचेच सूत्र तिलाच तपासायला सांगावे. न च्या जागी १ ठेवला तर ६ येतात, २ ठेवला तर ७, ३ ठेवला तर ८. म्हणजे ‘न + ५’ ही ६, ७, ८, ९ अशी एकेकाने वाढणारी रांग झाली. मुलीच्या मनात असलेला नियम ‘आधीच्या पदात ५ मिळवा’ असा होता आणि तो बरोबरच आहे. मात्र ‘न’ म्हणजे आधीचे पद नव्हे. न हा जागेचा क्रमांक आहे. आधीच्या पदावरून पुढचे पद सांगणे आणि क्रमांकावरून थेट पद सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि प्रश्नात दुसरे काम विचारलेले आहे. शंभरावे पद हवे असेल तर पहिल्या नियमाने नव्व्याण्णव वेळा ५ मिळवत बसावे लागेल.

हा घोटाळा इतक्या वह्यांत दिसतो की मी वर्गात त्यासाठी एक ठरलेले उदाहरण ठेवले होते. मंगल कार्यालयात प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक रचून ठेवलेल्या असतात. समजा, एक खुर्ची ८० सेंटिमीटर उंच आहे आणि तिच्यावर रचलेली प्रत्येक खुर्ची चळतीची उंची ७ सेंटिमीटरने वाढवते. मग उंची ८०, ८७, ९४, १०१ अशी जाते. वीस खुर्च्यांची उंची किती, असे विचारल्यावर काही मुले २० × ७ करून १४० सांगतात आणि काही २० × ८० करून थेट छताबाहेर जातात. प्रत्येक खुर्चीचे ७ सेंटिमीटर मोजून झाल्यावर सर्वांत खालच्या खुर्चीचे ७३ सेंटिमीटर उरतात, आणि ते एकदाच धरायचे असतात. म्हणून नियम ७न + ७३ असा होतो आणि वीस खुर्च्या २१३ सेंटिमीटर भरतात. हे ७३ म्हणजे रांगेत एक पाऊल मागे गेल्यावर मिळणारी संख्या, म्हणजेच ८० वजा ७. मुलांना मी तिला ‘शून्यावे पद’ म्हणायला सांगत असे. शून्य खुर्च्यांची ७३ सेंटिमीटरची चळत प्रत्यक्षात नसते, हे त्यांना सांगावे लागत नसे आणि त्यावर ती मनसोक्त हसतही.

आपल्या मुलीच्या क्रमिकेत फरक ५ आहे आणि शून्यावे पद ७ − ५ = २, म्हणून उत्तर ५न + २. रांग उतरती असेल तरी रीत बदलत नाही : ५०, ४७, ४४, … यात फरक −३ आहे, शून्यावे पद ५३ आहे आणि नियम ५३ − ३न आहे.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० साली पूर्ण झालेल्या आणि सोलापूरचे ग्रामदैवत असलेल्या आपल्या सिद्धरामेश्वरांच्याच शतकातल्या ग्रंथात, श्रेढीव्यवहार नावाचे प्रकरण आहे. तेथे पहिल्या पदाला आदी, दर पदाच्या वाढीला चय, पदांच्या संख्येला गच्छ आणि शेवटच्या पदाला अंत्यधन म्हटले आहे. गच्छातून एक वजा करून चयाने गुणावे आणि आदी मिळवावा, की अंत्यधन मिळते. शंभराव्या पदासाठी ९९ × ५ + ७ = ५०२, आणि आपल्या सूत्राने ५ × १०० + २ = ५०२. माझे वैयक्तिक मत असे की चय हा शब्द मुलांना अक्षरापेक्षा लवकर उमगतो, कारण संचय हा शब्द त्यांनी ऐकलेला असतो.

प्रश्न : पहिले फरक समान नसतील तर फरकांचे फरक काढावेत, ते समान आले तर त्या संख्येची निमपट घेऊन तिने न² ला गुणावे, असे आम्हाला शिकवले. निमपट का, असे विचारल्यावर ‘सूत्रच तसे आहे’ एवढेच उत्तर मिळाले. कृपया कारण सांगावे. — अकरावी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, साखर पेठ

उत्तर : आपण विचारलेला प्रश्न या संपूर्ण विषयाचा गाभा आहे, म्हणून उत्तर सावकाश देतो.

सर्वांत साधी वर्गाची रांग घ्यावी : १, ४, ९, १६, २५. तिचे पहिले फरक ३, ५, ७, ९ आणि दुसरे फरक २, २, २. हे २ कोठून आले, ते अंगणात फरशा मांडून पाहता येते. तीन फरशा लांब व तीन फरशा रुंद असा चौरस मांडला आहे आणि तो चार बाय चार करायचा आहे. त्यासाठी उजव्या बाजूला ३ फरशा, वरच्या बाजूला ३ फरशा आणि कोपऱ्यात १ फरशी लागते, एकूण ७. चाराचा पाच करताना ४, ४ आणि १, म्हणजे ९. चौरस वाढताना तो दोन बाजूंनी वाढतो आणि प्रत्येक बाजू दर वेळी एका फरशीने लांबते, म्हणून जोडायच्या फरशांची संख्या दर वेळी २ ने वाढते. बीजगणितात हेच (न + १)² − न² = २न + १ असे लिहितात : पहिला फरक ही २ ने वाढणारी रेषीय रांग आहे.

म्हणजे एक न² दुसऱ्या फरकात २ देतो. ३न² असेल तर तसे तीन चौरस एकाच वेळी वाढत आहेत, म्हणून दुसरा फरक ६. यात ‘ब × न’ मिळवला तर पहिल्या फरकात फक्त ठरावीक ब ची भर पडते आणि दुसऱ्या फरकापर्यंत ती पुसली जाते. नुसती स्थिर संख्या मिळवली तर ती पहिल्याच फरकात नाहीशी होते. तेव्हा दुसऱ्या फरकात जे काही उरते ते केवळ न² चे देणे असते आणि प्रत्येक न² मागे ते २ असते. किती न² आहेत हे शोधण्यासाठी आपण २ ने भागतो. निमपट येते ती एवढ्यासाठीच.

आता एक रांग सोडवून पाहू : ४, ११, २२, ३७, ५६. पहिले फरक ७, ११, १५, १९ आणि दुसरे फरक ४, ४, ४. म्हणून नियमात २न² असणार. प्रत्येक पदातून २न², म्हणजे २, ८, १८, ३२, ५० वजा केले की २, ३, ४, ५, ६ उरतात. ही साधी रेषीय रांग आहे आणि तिचा नियम न + १ आहे. पूर्ण नियम २न² + न + १. पाचव्या पदावर पडताळा : ५० + ५ + १ = ५६.

पुस्तकांत पुष्कळदा नियम ‘अन² + बन + क’ असा धरून अ, ब, क साठी तीन समीकरणे मांडतात आणि ती सोडवतात. ती रीत निर्दोष आहे. परंतु मला वजाबाकीची रीत अधिक पसंत आहे, कारण तिच्यात चूक झाली तर उरलेली रांग रेषीय दिसत नाही आणि चूक तिथल्या तिथे कळते, तर समीकरणांत चिन्ह चुकले की उत्तर तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचे येते. घाई असेल तर मागे जाण्याची युक्तीही वापरता येते : पहिल्या फरकांची रांग ७, ११, १५ आहे, तर तिच्या मागची संख्या ३, म्हणून शून्यावे पद ४ − ३ = १. हेच क. शून्याव्या पदापासून पहिल्या पदापर्यंतची ही ३ ची वाढ अ आणि ब यांची बेरीज असते, म्हणून ब = ३ − २ = १.

फरकांच्या या तक्त्याचा उपयोग उलट दिशेनेही होतो. दुसरा फरक ४ हा स्थिर धरला की पुढचा पहिला फरक २३ आणि पुढचे पद ७९; कोठेही गुणाकार करावा लागत नाही. चार्ल्स बॅबेज यांनी १८२२ मध्ये ज्या फरकयंत्राची कल्पना मांडली, ते याच तत्त्वावर नुसत्या बेरजा करून गणिती कोष्टके तयार करणार होते. त्यांच्या हयातीत ते यंत्र पूर्ण झाले नाही. त्यांच्या दुसऱ्या आराखड्यावरून लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ मध्ये त्याचा गणन करणारा भाग उभा केला आणि तो बरोबर चालला.

प्रश्न : आमच्या कारखान्यात टॉवेलचे कापड पाइपवर गुंडाळले जाते. दर दहा वेढ्यांनंतर किती मीटर कापड गुंडाळले गेले, हे मी लिहून ठेवले : ५.२७, ११.१४, १७.६१, २४.८६, ३२.३५, ४०.६२, ४९.४९. दहा वेढ्यांना ५.२७ मीटर, म्हणून शंभर वेढ्यांना ५२.७ मीटर हा माझा अंदाज फारच चुकला. फरक काढून पाहिले तर तेही नीट जुळत नाहीत. यात काही नियम आहे का? — हिशेबनीस, अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहत

उत्तर : नियम आहे, आणि तो आपल्याच आकड्यांत आहे. (आपल्या कागदावर सेंटिमीटरची थोडी मागेपुढे तफावत होती, छपाईसाठी मी आकडे नीटनेटके करून घेतले आहेत. एक आकडा मात्र मुद्दाम तसाच ठेवला आहे.)

पहिले फरक असे येतात : ५.८७, ६.४७, ७.२५, ७.४९, ८.२७, ८.८७. दुसरे फरक : ०.६०, ०.७८, ०.२४, ०.७८, ०.६०. दोन्ही टोकांना ०.६० आहे आणि मध्ये गडबड आहे. ती गडबड बारकाईने पाहावी. ०.६० पासूनचे विचलन क्रमाने ०.१८ अधिक, ०.३६ उणे आणि पुन्हा ०.१८ अधिक असे आहे, म्हणजे एकपट, उणे दुप्पट, एकपट. एकाच नोंदीत चूक झाली की दुसऱ्या फरकांत नेमका हाच ठसा उमटतो, कारण चुकलेली संख्या मधल्या जागी दोनदा वजा होते आणि दोन्ही बाजूंना एकेकदा मिळवली जाते. ठशाचा मध्य चौथ्या नोंदीवर येतो, तेव्हा चौथी नोंद ०.१८ ने जास्त लिहिली गेली आहे. २४.८६ नव्हे, २४.६८ असावे, घाईत ६ आणि ८ यांची अदलाबदल झाली. छापील गणिती कोष्टकांतल्या चुका पकडण्यासाठी हीच रीत वापरली जात असे.

दुरुस्तीनंतर दुसरे फरक सर्वत्र ०.६० येतात. दहा वेढ्यांचा एक गट मानून गटांच्या संख्येला न म्हटले, तर नियमात ०.३न² असणार. पहिल्या नोंदीतून ०.३ वजा केले की ४.९७ उरतात, दुसरीतून १.२ वजा केले की ९.९४ उरतात, आणि हे ४.९७ च्या दुप्पट आहेत. म्हणून लांबी = ०.३न² + ४.९७न. स्थिर पद शून्य आहे आणि ते तसे असायलाच हवे, कारण वेढेच नसतील तर कापडही नाही. शंभर वेढ्यांसाठी न = १० : ३० + ४९.७ = ७९.७ मीटर. आपल्या साध्या त्रैराशिकाने २७ मीटर कमी दाखवले ते यामुळे.

हे असे का होते ते सांगितल्याशिवाय हा नियम नुसता आकड्यांचा खेळ राहील. कापडाचा प्रत्येक थर गुंडाळीची त्रिज्या आपल्या जाडीएवढी वाढवतो, म्हणून पुढच्या वेढ्याचा घेर जाडीच्या सुमारे ६.२८ पटीने (२ गुणिले पाय) वाढतो. प्रत्येक वेढ्याची लांबी अशी समान फरकाने वाढत असेल तर ती अंकगणिती श्रेढी झाली, आणि अंकगणिती श्रेढीची बेरीज नेहमी न² चा नियम पाळते. आपल्या नियमावरून मागे गेले तर पहिला वेढा ५० सेंटिमीटरचा येतो आणि दर वेढ्याची वाढ ०.६ सेंटिमीटर येते. येथे लीलावतीतली मध्यधनाची (पहिल्या आणि शेवटच्या पदांच्या सरासरीची) रीत लावून पाहावी : शंभरावा वेढा ५० + ९९ × ०.६ = १०९.४ सेंटिमीटर, पहिला ५०, त्यांचे मध्यधन ७९.७, आणि ते गच्छाने म्हणजे १०० ने गुणले की सर्वधन, म्हणजे एकूण बेरीज, ७९७० सेंटिमीटर. उत्तर तेच आले.

एक पडताळा आपण कारखान्यातच करू शकता. ०.६ ला ६.२८ ने भागले की कापडाची जाडी साधारण ०.९५ मिलिमीटर येते. दहा थर एकावर एक ठेवून पट्टीने मोजावेत. साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास भरले तर नियमावर विश्वास ठेवावा. मात्र गुंडाळताना ताण कमीजास्त झाला तर आतले थर दबतात आणि दुसरे फरक हळूहळू घसरू लागतात, तेव्हा फार मोठ्या गुंडाळीसाठी हे सूत्र ताणू नये.

प्रश्न : संक्रांतीला वर्गातल्या चाळीस मुलांनी प्रत्येकाने प्रत्येकाला तिळगूळ दिला, तर एकूण किती वेळा तिळगूळ दिला गेला? — सातवीचा विद्यार्थी, बाळे

उत्तर : प्रत्येक मूल उरलेल्या ३९ जणांना देते, म्हणून ४० × ३९ = १५६०. मुलांची संख्या १, २, ३, ४, ५ अशी घेतली तर ०, २, ६, १२, २० ही रांग मिळते. तिचे दुसरे फरक २ आहेत आणि नियम न² − न आहे. हस्तांदोलन असते तर दोघांचे मिळून एकच धरले असते आणि उत्तर निम्मे, म्हणजे ७८० आले असते.

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मार्गावर आम्ही मैत्रिणी ठिपक्यांची रांगोळी काढतो. ‘१३ ते ७’ या रांगोळीला एकूण किती ठिपके लागतात, हे दर वेळी मोजावे लागते. याचे सूत्र असू शकेल का? — एक गृहिणी, पूर्व भाग

उत्तर : आपला प्रश्न वाचून मला विशेष आनंद झाला, कारण आपल्या शहराच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक घरांत ज्या कलेला मुग्गू म्हणतात आणि आमच्याकडे रांगोळी म्हणतात, तिच्यात वर्गसमीकरणे उंबऱ्यावरच मांडून ठेवलेली असतात.

ज्यांना ही रांगोळी ठाऊक नाही त्यांच्यासाठी : मधल्या ओळीत १३ ठिपके, तिच्या वर आणि खाली दोन ठिपक्यांच्या मधोमध येतील असे १२, मग ११, असे करत दोन्ही टोकांना ७ ठिपक्यांपर्यंत यायचे. आकृती षटकोनी दिसते. सर्वांत लहान आकृती एका ठिपक्याची. त्यानंतरची ‘३ ते २’, तिच्यात ७ ठिपके. मग ‘५ ते ३’, तिच्यात १९. मग ‘७ ते ४’, तिच्यात ३७. रांग १, ७, १९, ३७, पहिले फरक ६, १२, १८ आणि दुसरा फरक ६. म्हणून ३न² असणार. ते वजा केले की −२, −५, −८, −११ उरतात, ज्यांचा नियम १ − ३न. पूर्ण सूत्र ३न² − ३न + १, आणि येथे न म्हणजे टोकाच्या ओळीतील ठिपके. ‘१३ ते ७’ साठी न = ७ : १४७ − २१ + १ = १२७.

चार आकड्यांवरून काढलेले सूत्र सातव्या आकृतीलाही लागू पडेल, याची खात्री मात्र तक्त्यातून मिळत नाही. ती रांगोळीकडेच पाहून मिळते. मधला ठिपका सोडला तर बाकीचे ठिपके त्याच्याभोवती षटकोनी कड्यांत बसलेले आहेत. पहिल्या कड्यात ६, दुसऱ्यात १२, तिसऱ्यात १८, कारण कड्याला सहा बाजू आहेत आणि एक कडे बाहेर गेले की प्रत्येक बाजूत एका ठिपक्याची भर पडते. दुसऱ्या फरकातले ६ म्हणजे षटकोनाच्या सहा बाजू. आता सूत्र कितव्याही आकृतीसाठी खरे राहणार, याविषयी शंका उरत नाही.

याच १३ ठिपक्यांची मधली ओळ घेऊन, ठिपके सरळ उभ्या-आडव्या ओळींत ठेवून १३, ११, ९ असे दोन्ही बाजूंना १ पर्यंत उतरलो तर आकृती तिरक्या चौकटीसारखी होते. तिची रांग १, ५, १३, २५ अशी आहे, दुसरा फरक ४ आहे (चार बाजू), आणि सूत्र २न² − २न + १ आहे. १३ ची मधली ओळ ही येथेही सातवीच आकृती, म्हणून ९८ − १४ + १ = ८५ ठिपके. म्हणजे मधली ओळ तेवढीच असूनही ४२ ठिपके कमी लागतात. पहाटेच्या थंडीत वाकून ठिपके देताना हा हिशेब उपयोगी पडावा.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या सरावसंचात ‘१, २, ४, ८, १६, ?’ असा प्रश्न होता. उत्तरसूचीत ३२ होते. माझ्या मित्राच्या मते ३१ हेही बरोबर आहे. दोन्ही उत्तरे बरोबर कशी असू शकतील? — स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, सात रस्ता

उत्तर : आपल्या मित्राचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्याला ते ज्या आकृतीवरून सुचले असेल तीही प्रसिद्ध आहे. वर्तुळाच्या परिघावर काही बिंदू घ्यावेत आणि प्रत्येक बिंदू इतर सर्व बिंदूंना सरळ रेषांनी जोडावा. एका बिंदूला वर्तुळाचा एकच भाग असतो, दोन बिंदूंना २, तीन बिंदूंना ४, चार बिंदूंना ८, पाच बिंदूंना १६, आणि सहा बिंदूंना ३१. १, २, ४, ८, १६, ३१ या रांगेचे फरक काढत गेले तर १, २, ४, ८, १५. मग १, २, ४, ७. मग १, २, ३. आणि चौथ्या पायरीवर १, १ असे स्थिर फरक मिळतात. म्हणजे ही रांग दुपटीची नाहीच. तिचा नियम न च्या चौथ्या घातापर्यंत जातो आणि पहिली पाच पदे दुपटीच्या रांगेशी केवळ जुळून येतात.

यातून फरकांच्या रीतीची मर्यादा स्पष्ट दिसते. कोणतीही दोन पदे दिली तरी त्यांतून रेषीय नियम काढता येतो. कोणतीही तीन पदे दिली तरी वर्गाचा नियम बसवता येतो, कारण तीन पदांना दुसरा फरक एकच असतो आणि एकटी संख्या स्थिर आहे की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून रेषीय नियम म्हणायला निदान तिसरे पद आणि वर्गाचा नियम म्हणायला निदान चौथे पद साक्षीला हवे. परीक्षेत ‘१, २, ४, ?’ एवढेच विचारले तर ७ (फरक १, २, ३) आणि ८ (दुप्पट) या दोन्ही उत्तरांचे समर्थन करता येते. असा प्रश्न काढणाऱ्यानेच सदोष काढला, असे मी म्हणेन.

पुष्कळ पदे साक्षीला असूनही नियम मोडल्याचे एक उदाहरण लेओनार्ड ऑयलर यांच्या १७७२ मधील पत्रात आहे. न² − न + ४१ या सूत्रात १, २, ३ असे क्रमाने घालत गेले की ४१, ४३, ४७, ५३, ६१ अशा मूळ संख्या मिळतात. न = ४० पर्यंत सलग चाळीस वेळा मूळ संख्याच येते, आणि न = ४१ ला उत्तर ४१ × ४१ = १६८१ येते, जी मूळ संख्या असूच शकत नाही. क्रमिकेचे दुसरे फरक येथे शेवटपर्यंत २ च राहतात. मोडतो तो आपण वरून बसवलेला ‘सर्व संख्या मूळ आहेत’ हा समज.

परीक्षेत उत्तर ३२ च लिहावे, कारण आकृती किंवा संदर्भ न देता विचारलेल्या प्रश्नात सर्वांत साधा नियम अपेक्षित असतो. ३१ भाग स्वतः मोजून पाहायचे असतील तर एक काळजी घ्यावी : सहा बिंदू परिघावर समान अंतरावर घेऊ नयेत. तसे घेतले तर समोरासमोरचे बिंदू जोडणाऱ्या तिन्ही रेषा मध्यभागी एकाच बिंदूतून जातात, मधला लहानसा त्रिकोण नाहीसा होतो आणि कितीही वेळा मोजले तरी भाग ३० च भरतात.